कणभौतिकीतील पीएच.डी. संशोधन

कणभौतिकीतील पीएच.डी. संशोधन म्हणजे द्रव्याचे मूलघटक आणि त्यांच्यातील परस्परक्रिया यांविषयी नवे ज्ञान मांडणारा प्रबंध लिहून विद्यावाचस्पती ही पदवी संपादन करण्याचा अभ्यासक्रम होय. भारतात त्यास सर्वसाधारणपणे पाच ते सहा वर्षे लागतात. पदव्युत्तर पदवीनंतर, तर काही संस्थांत पदवीनंतर थेट, या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ही या विषयातील भारतातील सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एक असून तिच्याखेरीज भाभा अणुसंशोधन केंद्र, मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, कोलकात्याची साहा अणुभौतिकी संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था तसेच दिल्ली व पंजाब ही विद्यापीठे येथेही असे संशोधन चालते.

इतर विज्ञानशाखांतील डॉक्टरेटपेक्षा ही पदवी एका बाबतीत वेगळी आहे. पदवी एका व्यक्तीस दिली जाते. परंतु ज्या प्रयोगावर प्रबंध आधारलेला असतो तो हजारो व्यक्तींनी मिळून, अनेकदा विद्यार्थ्याच्या शालेय वयातच उभारण्यास घेतलेला असतो. या सामूहिक कामातून विद्यार्थ्याचे स्वतःचे काम कोणते, हे ठरवणे हा या अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. प्रवेशापासून मौखिक परीक्षेपर्यंतच्या बहुतेक प्रथा याच प्रश्नाभोवती घडलेल्या दिसतात.

शाखा

कणभौतिकीचे आजचे सर्वमान्य चित्र 'प्रमाण प्रतिकृती' या नावाने ओळखले जाते. तिच्यात सहा क्वार्क, सहा लेप्टॉन, बलांचे वाहक असलेले फोटॉन, ग्लुऑन, डब्ल्यू व झेड हे कण आणि २०१२ साली सापडलेला हिग्ज बोसॉन यांचा समावेश होतो. गुरुत्वाकर्षण, कृष्णद्रव्य आणि न्यूट्रिनोंचे वस्तुमान यांचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र या प्रतिकृतीत मिळत नाही. बहुतेक प्रबंधांचे विषय या उणिवांच्या आसपासचे असतात.

विद्यार्थी साधारणतः तीनपैकी एका मार्गाने जातो. शुद्ध सिद्धान्ताच्या मार्गात पुंज क्षेत्र सिद्धान्ताची गणिती बांधणी अभ्यासली जाते. प्रायोगिक मार्गात संसूचकांची उभारणी, त्यांची देखभाल आणि त्यांतून मिळालेल्या नोंदींचे विश्लेषण येते. या दोहोंच्या मधला मार्ग 'फिनॉमिनॉलॉजी' या नावानेच प्रचलित आहे. एखादा सिद्धान्त खरा असेल तर प्रयोगात नेमके काय दिसेल, याचे गणित तेथे मांडले जाते. पुण्यात जन्मलेल्या व तेथेच शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) या मधल्या मार्गावरील भारतातील अग्रगण्य नाव होत. सर परशुरामभाऊ महाविद्यालय व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथील शिक्षणानंतर त्यांनी अमेरिकेतील स्टोनी ब्रूक येथे डॉक्टरेट मिळवली. पुढे टाटा संस्था, मुंबई विद्यापीठ आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. मान्युएल ड्रीस यांच्यासह त्यांनी केलेले काम 'ड्रीस–गोडबोले परिणाम' म्हणून ओळखले जाते. भावी इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉन आदळयंत्रांत अनावश्यक कणांचा गोंधळ किती होईल, याचा अंदाज त्यातून बांधता आला.

भारतातील पूर्वपीठिका

त्वरके येण्यापूर्वी उच्च ऊर्जेचे कण मिळवण्याचे एकमेव साधन म्हणजे आकाशातून येणारे विश्वकिरण. कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखाली बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग परिसरातील उंच ठिकाणी छायाचित्रण-पट्टिका उघड्या ठेवून विश्वकिरणांतील मध्यम वस्तुमानाच्या कणांचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष १९४०च्या दशकाच्या आरंभी 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या पट्टिका मिळेनाशा झाल्या आणि काम तेथेच थांबले. याच तंत्राचा विकास करून ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांनी पुढे पायॉन हा कण शोधला व त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बिभा चौधुरी यांनी नंतर मँचेस्टर येथे पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे डॉक्टरेटचे संशोधन केले आणि टाटा संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक ठरल्या.

टाटा संस्थेची स्थापना होमी भाभा यांनी १९४५ मध्ये केली. भाभा स्वतः केंब्रिजचे डॉक्टरेट होते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यास आज 'भाभा प्रकीर्णन' म्हणतात. ही केवळ इतिहासातील नोंद नव्हे: इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉन आदळयंत्रात एकूण किती टकरी झाल्या हे मोजण्यासाठी आजही याच प्रकीर्णनाचा आधार घेतला जातो, आणि जपानमधील बेल-२ प्रयोगावर काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास पहिल्या वर्षभरातच भाभांचे नाव संगणकाच्या पडद्यावर भेटते.

भारतीय भूमीवरील या विषयाचे सर्वांत मोठे विद्यालय मात्र कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी हे होते. खोल खडकाखाली इतर कण गाळले जातात आणि केवळ भेदक कण उरतात, या तत्त्वावर तेथे प्रयोग मांडण्यात आले. बी. व्ही. श्रीकंठन यांचे डॉक्टरेटचे संशोधन या खाणींत वेगवेगळ्या खोलीवर केलेल्या म्यूऑनांच्या मोजणीवर आधारलेले होते. पुढे ते टाटा संस्थेचे संचालक झाले. १९६५ मध्ये टाटा संस्था, जपानचे ओसाका शहर विद्यापीठ व इंग्लंडचे डरॅम विद्यापीठ यांच्या गटाने सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणीय न्यूट्रिनोंच्या अस्तित्वाच्या पहिल्या खुणा नोंदल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटानेही त्या टिपल्या. १९८०च्या दशकात कोलारमध्ये प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेण्याचे प्रयोग झाले. १९९०च्या दशकाच्या आरंभी ही प्रयोगशाळा बंद पडली आणि २००१ मध्ये खाणीही बंद झाल्या.

टाटा संस्थेत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रारंभीची अनेक दशके पदवी मुंबई विद्यापीठाची मिळत असे. २००२ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यानंतर ती स्वतः पदवी देऊ लागली. अणुऊर्जा विभागाच्या इतर अनेक संस्थांतील विद्यार्थ्यांना २००५ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पदवी मिळते.

प्रवेश आणि अधिछात्रवृत्ती

प्रवेशासाठी तीन-चार परीक्षांचे मार्ग आहेत. टाटा संस्था स्वतःची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा घेते. अनेक संशोधन संस्था मिळून 'जेस्ट' ही संयुक्त चाचणी घेतात. विद्यापीठे व भारतीय तंत्रज्ञान संस्था मुख्यतः 'नेट' किंवा 'गेट' यांचे गुण ग्राह्य धरतात. लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते आणि खरी पारख तेथे होते. मुलाखतीत कणभौतिकीची माहिती क्वचितच विचारली जाते. पदवी स्तरावरील यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, सांख्यिकीय भौतिकी व पुंजयांत्रिकी यांतील एखादे साधे उदाहरण फळ्यावर सोडवण्यास सांगितले जाते. हिग्ज बोसॉनविषयी पुष्कळ वाचलेला परंतु साध्या लंबकाचे समीकरण मांडताना अडखळणारा उमेदवार येथे मागे पडतो.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर मूल्यमापन होऊन ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते, ती दरमहा ४२,००० रुपये असते. वसतिगृह नसल्यास घरभाडे भत्ता निराळा मिळतो. ही अधिछात्रवृत्ती साधारणतः पाच वर्षे चालते. संशोधन त्यापुढे लांबल्यास शेवटच्या वर्षाचा खर्च कसा भागवायचा हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहतो. प्रायोगिक कणभौतिकीत लांबण्याचे कारण पुष्कळदा विद्यार्थ्याच्या हाती नसते, हे पुढे स्पष्ट होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीद्वारे दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. महिला विद्यार्थिनींना मुदतीत आणखी सवलत आहे, तसेच एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे.

अभ्यासक्रम आणि विषयनिवड

पहिले एक ते दीड वर्ष वर्गातील अध्ययनाचे असते. पुंज क्षेत्र सिद्धान्त, कणभौतिकी, गणिती पद्धती, संख्याशास्त्र आणि प्रायोगिक तंत्रे हे विषय शिकवले जातात. शिवाय संशोधनपद्धती व संशोधननीती यांचा अभ्यास बंधनकारक असतो. त्याच काळात विद्यार्थी दोन-तीन प्राध्यापकांकडे लहान प्रकल्प करतो आणि त्यांतून मार्गदर्शकाची निवड होते.

ही निवड विषयाच्या आवडीवर व्हावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रयोगाचे वेळापत्रक तितकेच निर्णायक ठरते. स्वित्झर्लंड–फ्रान्स सीमेवरील 'सर्न' प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरने, म्हणजेच २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार त्वरकाने, २०१० ते २०१३, २०१५ ते २०१८ आणि २०२२ पासून पुढे अशा टप्प्यांत नोंदी गोळा केल्या. मधली वर्षे दुरुस्ती व सुधारणांची होती. ज्याची प्रवेशाची वर्षे विरामात आली, त्याला जुन्या नोंदींवर किंवा यंत्राच्या उभारणीवर काम करावे लागते. ज्याची नोंदणी योग्य वेळी झाली, त्याच्या हाती ताज्या नोंदी पडतात. गुणवत्ता समान असूनही प्रबंधाचे स्वरूप वेगळे होते. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला पहिल्या भेटीत विचारावयाच्या प्रश्नांत 'नोंदी केव्हा मिळणार' हा प्रश्न असावा असे अनुभवी संशोधक सांगतात, ते यासाठीच.

प्रयोगातील काम

भारताचा 'सर्न'शी संबंध १९६०च्या दशकापासूनचा आहे. २००२ मध्ये भारताला निरीक्षक देशाचा आणि जानेवारी २०१७ पासून सहयोगी सदस्याचा दर्जा मिळाला. भारतीय संस्था मुख्यतः सीएमएस व ॲलिस या दोन प्रयोगांत सहभागी आहेत. सीएमएस हा १४,००० टन वजनाचा संसूचक फ्रान्समधील सेसी या गावाखाली जमिनीत बसवलेला आहे. त्याच्या चुंबकाबाहेर असलेल्या बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापकाच्या उभारणीत टाटा संस्था व पंजाब विद्यापीठ यांचा मोठा वाटा होता.

प्रयोगाचे स्वरूप एका उदाहरणाने समजून घेता येते. हिग्ज बोसॉन निर्माण होताच क्षय पावतो. हजारातून साधारण दोन वेळा त्याचे दोन फोटॉनांत रूपांतर होते. हे दोन फोटॉन मोजून त्यांच्या ऊर्जा व दिशा यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढता येते. अडचण अशी की फोटॉनांच्या अशा जोड्या इतर असंख्य मार्गांनीही तयार होतात. सर्व जोड्यांची वस्तुमाने आलेखावर मांडली तर एक उतरती, गुळगुळीत रेषा मिळते आणि १२५ गीगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तिच्यावर एक लहानसा उंचवटा दिसतो. हा उंचवटा म्हणजे हिग्ज. पसाभर तांदळातला खडा डोळ्यांना दिसतो तरी. येथे एकेक दाणा पाहून त्यातला खडा कोणता हे कधीच सांगता येत नाही. खडे किती आहेत एवढेच एकूण मोजणीवरून म्हणता येते.

ही मोजणी विश्वासार्ह करणे हे विद्यार्थ्याचे काम. त्वरकात प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, एकमेकांसमोर येतात. एवढ्या नोंदी साठवणे अशक्य असल्यामुळे 'ट्रिगर' नावाची निवडयंत्रणा क्षणार्धात बहुतांश टकरी टाकून देते. सेकंदाला साधारण हजाराच्या घरातील टकरीच जतन होतात. ट्रिगरने एकदा टाकलेली टक्कर कायमची गेली. म्हणून निवडीचे निकष ठरवणे हे जोखमीचे काम मानले जाते, आणि ते करणाऱ्यांत संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. जतन झालेल्या नोंदी जगभर पसरलेल्या संगणकजाळ्यात साठवल्या जातात. या जाळ्याची सीएमएससाठीची भारतीय शाखा टाटा संस्थेत, तर ॲलिससाठीची कोलकात्यात आहे.

त्यानंतर विश्लेषणाची दीर्घ वाट सुरू होते. 'जीअँट-४' या संगणकप्रणालीने कृत्रिम टकरी तयार करून संसूचक त्यांना कसा प्रतिसाद देईल हे तपासले जाते. खऱ्या नोंदी व कृत्रिम नोंदी जेथे जुळत नाहीत तेथे कारण शोधावे लागते. ते कधी सैल झालेल्या तारेत, कधी तपमानाच्या चढउतारात, तर कधी विद्यार्थ्याने आदल्या महिन्यात लिहिलेल्या आज्ञावलीतील एका उणे चिन्हात सापडते. 'सी प्लस प्लस' व 'पायथॉन' या संगणकभाषा आणि 'रूट' हे विश्लेषणसाधन यांच्याशी विद्यार्थ्याचा जितका वेळ जातो तितका क्वचितच भौतिकीच्या समीकरणांशी जातो. नव्याने येणाऱ्यांच्या अपेक्षाभंगाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

मोजणीतील अनिश्चिततेचा हिशेब हा विश्लेषणाचा कणा होय. ऊर्जामापक एक टक्का चुकत असेल तर निष्कर्ष कितीने हलेल, पार्श्वभूमीचा अंदाज वेगळ्या रीतीने केला तर काय होईल, अशा पन्नासएक प्रश्नांची उत्तरे एका तक्त्यात द्यावी लागतात. हा तक्ता भरण्यास अनेकदा मूळ मोजणीपेक्षा अधिक महिने लागतात. आपल्या इच्छेचा निष्कर्षावर परिणाम होऊ नये म्हणून 'अंध विश्लेषणा'ची प्रथा पाळली जाते: जेथे नवा कण दिसण्याची शक्यता असते तो आलेखाचा भाग झाकून ठेवून सर्व पद्धती आधी निश्चित केल्या जातात, सहयोगातील परीक्षकांची मान्यता घेतली जाते आणि मगच झाकण काढले जाते. झाकण काढल्यावर बहुतेक वेळा काहीही नवे दिसत नाही.

शोध जाहीर करण्यासाठी 'पाच सिग्मा'चा दंडक आहे. केवळ योगायोगाने इतका मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असावी, असा त्याचा अर्थ. दंडक इतका कडक का, याचे उत्तर इतिहासात मिळते. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास व सीएमएस या दोन्ही प्रयोगांना ७५० गीगा-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ फोटॉन-जोड्यांचा लहान उंचवटा दिसला. पाच सिग्मांपासून तो दूर होता, तरी त्याचे स्पष्टीकरण देणारे पाचशेहून अधिक सैद्धान्तिक लेख पुढील काही महिन्यांत लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक नोंदी आल्या आणि उंचवटा नाहीसा झाला. २०११ साली इटलीतील ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगवान असल्याचे दिसले, तेही पुढे नीट न बसलेल्या एका प्रकाशतंतूच्या जोडणीमुळे घडलेले निघाले.

विश्लेषणाखेरीज प्रत्येक विद्यार्थ्याला 'सेवाकार्य' करावे लागते. नियंत्रणकक्षात पाळ्या भरणे, एखाद्या भागाच्या प्रतिसादाचे अंशन करणे, सामायिक आज्ञावली सांभाळणे अशी ही कामे असतात. भारतातून काम करणाऱ्याचे घड्याळ जिनीव्हाच्या मागे धावते. तेथील दुपारच्या बैठका भारतात सायंकाळी सुरू होतात आणि रात्रीपर्यंत चालतात.

श्रेयाचा प्रश्न

सेवाकार्य पूर्ण केल्यानंतर विद्यार्थ्याचे नाव प्रयोगाच्या लेखकयादीत येते. त्यानंतर प्रयोगाचा प्रत्येक शोधनिबंध, मग त्यात त्याने हात लावलेला असो वा नसो, त्याच्याही नावावर प्रसिद्ध होतो. २०१५ मध्ये ॲटलास व सीएमएस यांनी हिग्जच्या वस्तुमानावर संयुक्तपणे लिहिलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे केवळ लेखक व त्यांच्या संस्था यांच्या यादीने व्यापली होती.

यामुळे लेखकांचा क्रम अर्थहीन होतो. सीएमएसच्या यादीत संस्था देशांच्या नावांच्या वर्णक्रमाने येतात, म्हणून आर्मेनियातील येरेव्हान येथील संस्थेचे संशोधक पहिल्या स्थानी असतात. सैद्धान्तिक लेखांतही लेखक आडनावाच्या वर्णक्रमाने लिहिण्याची रीत आहे. रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रात 'पहिला लेखक' म्हणजे मुख्य काम करणारा. तेथील मोजपट्टी कणभौतिकीस लावली की अन्याय होतो, आणि अध्यापकपदांच्या निवडीत पहिल्या लेखकास अधिक गुण देणारी पद्धत सर्व विषयांस सरसकट लावली जाते तेव्हा तो होतोच. कधी उलटही घडते: शेकडो निबंधांची यादी पाहून निवड समितीचा सदस्य चकित होतो आणि उमेदवाराने प्रत्यक्ष काय केले हे विचारण्याचे राहून जाते.

या अडचणीवर सहयोगांनी काही उपाय योजले आहेत. प्रत्येक विश्लेषणाची सविस्तर अंतर्गत टिपणी लिहिली जाते आणि तिच्यावर केवळ प्रत्यक्ष काम करणाऱ्या मोजक्या जणांची नावे असतात. परिषदांत प्रयोगाच्या वतीने बोलण्याची संधी विद्यार्थ्यांस दिली जाते. पण टिपणी बाहेरच्यांस पाहता येत नाही. अखेर मार्गदर्शकाचे शिफारसपत्र हाच मुख्य पुरावा उरतो. एका पत्रावर इतके अवलंबून राहणे कितपत योग्य, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मार्गदर्शकाशी मतभेद झालेल्या विद्यार्थ्याजवळ दुसरा साक्षीदार क्वचितच असतो.

श्रेयाचा प्रश्न मोठ्या प्रयोगांपुरता नाही. टाटा संस्थेत काही वर्षे काम करून इ.स. १९५५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात गेलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी तेथे विद्यार्थी असतानाच, मार्गदर्शक रॉबर्ट मार्शाक यांच्यासह, क्षीण बलाचे स्वरूप स्पष्ट करणारा 'व्ही उणे ए' सिद्धान्त मांडला. एप्रिल १९५७ मध्ये रॉचेस्टरमध्येच मोठी परिषद भरली होती. विद्यार्थी असल्यामुळे सुदर्शन यांना तेथे बोलता आले नाही. सप्टेंबरमध्ये इटलीतील परिषदेत मार्शाक यांनी हे काम सादर केले. दरम्यान रिचर्ड फाइनमन व मरे गेल-मान यांनी त्याच निष्कर्षाचा निबंध पाठवला आणि जानेवारी १९५८ मध्ये तो छापून आला. पुढील अनेक वर्षे सिद्धान्त त्यांच्याच नावाने ओळखला गेला. सुदर्शन व मार्शाक यांचा अग्रक्रम फाइनमन यांनी नंतर मान्य केला, परंतु या कामासाठी नोबेल पारितोषिक कोणालाच मिळाले नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९७३ मध्ये प्रिन्स्टनचा विद्यार्थी फ्रँक विल्चेक व त्याचा मार्गदर्शक डेव्हिड ग्रॉस, तसेच हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड पोलित्झर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ येतात तितके त्यांच्यातील बल क्षीण होते. २००४ चे नोबेल पारितोषिक तिघांनाही मिळाले. पोलित्झर यांच्या निबंधावर एकट्या विद्यार्थ्याचे नाव होते.

प्रबंधाचा काळ आणि प्रयोगाचा काळ

लार्ज हॅड्रॉन कोलायडरची कल्पना १९८०च्या दशकात पुढे आली आणि त्यातून पहिल्या उच्च ऊर्जेच्या टकरी २०१० मध्ये झाल्या. प्रबंधाला मात्र सहा वर्षेच असतात. या दोन काळांतील तफावत भारतात सर्वाधिक जाणवली ती प्रस्तावित भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेच्या बाबतीत. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली बोगदा खणून तेथे ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा संसूचक उभारण्याची ही योजना होती. तिच्यासाठी मनुष्यबळ तयार व्हावे म्हणून २००८ मध्ये टाटा संस्थेत स्वतंत्र पीएच.डी. कार्यक्रम सुरू झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये प्रकल्पास मंजुरी दिली. परंतु स्थानिक रहिवाशांचा विरोध, पश्चिम घाटाच्या पर्यावरणाविषयीच्या शंका आणि परवानग्यांचे वाद यांमुळे थेनीतील काम सुरू होऊ शकले नाही.

त्या कार्यक्रमातील विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले. रोधक-पट्टिका संसूचकांची घडण, त्यांची इलेक्ट्रॉनिकी आणि उभारला गेल्यास हा संसूचक काय मोजू शकेल याची संगणकीय प्रतिरूपे हे त्यांचे विषय होते. मदुराई येथे ८५ टनांचा लहान नमुना-संसूचक उभारण्यात आला आणि त्यावर विश्वकिरणांच्या नोंदी घेता आल्या. ज्ञानाच्या दृष्टीने हे काम वाया गेले असे म्हणता येणार नाही. तरी ज्या प्रयोगासाठी शिक्षण घेतले तो उभाच राहिला नाही, ही वस्तुस्थिती त्या पिढीच्या वाट्याला आली. यातून अनेक मार्गदर्शक विद्यार्थ्याला एकाच प्रयोगावर विसंबून न ठेवता उभारणीचे काम एका ठिकाणी व विश्लेषण दुसऱ्या, चालू प्रयोगात, अशी जोड देऊ लागले आहेत. बेल-२ प्रयोगात ही सोय झाली: तेथील सिलिकॉन संसूचकाचा चौथा थर टाटा संस्थेच्या गटाने तयार केला आणि नोंदीही लवकरच येऊ लागल्या.

सिद्धान्ताच्या विद्यार्थ्यास अशी वाट पाहावी लागत नाही. त्याच्या अडचणी निराळ्या असतात. १९९१ पासून सुरू असलेल्या 'अर्काइव्ह' या खुल्या संग्रहावर रोज सकाळी नवे लेख येतात, आणि सहा महिने चालवलेले गणित एके दिवशी दुसऱ्या कोणाच्या नावावर तेथे दिसते.

प्रबंध आणि मौखिक परीक्षा

प्रबंध सहसा इंग्रजीत लिहिला जातो. आरंभीची प्रकरणे सिद्धान्त व संसूचक यांच्या परिचयाची असतात व ती बऱ्याच प्रबंधांत सारखीच वाटतात. परीक्षकांचे खरे लक्ष पुढील प्रकरणांकडे असते. प्रायोगिक प्रबंधाच्या आरंभी विद्यार्थ्याने स्वतः काय केले आणि सहयोगाकडून काय घेतले, याचे स्पष्ट निवेदन असावे अशी अपेक्षा असते. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आल्यावर खुली मौखिक परीक्षा होते. तीत कोणीही उपस्थित राहून प्रश्न विचारू शकतो. आलेखातील एखाद्या बिंदूवर बोट ठेवून 'हा बिंदू रेषेपासून दूर का' असे परीक्षक विचारतात. त्या बिंदूवर स्वतः महिनोन्‌महिने घालवलेला विद्यार्थी त्याचे उत्तर पानभर देऊ शकतो. हजारो लेखकांच्या यादीतून त्याचे स्वतःचे काम वेगळे दिसण्याची हीच जागा असते.

पदवीनंतर

संशोधनात राहू इच्छिणारे बहुधा परदेशात दोन ते तीन वर्षांच्या एक-दोन पदोत्तर संशोधनवृत्त्या करतात व नंतर कायम पदासाठी अर्ज करतात. भारतात अशी पदे मोजकी आहेत. उरलेले विदाविज्ञान, वित्तसेवा, वैद्यकीय भौतिकी, संगणकप्रणाली आणि शिक्षण या क्षेत्रांत जातात. कर्करोगावरील प्रारण-उपचारांची यंत्रेही मुळात लहान त्वरकेच असल्यामुळे वैद्यकीय भौतिकीकडे जाणाऱ्यास आपले शिक्षण सरळ उपयोगी पडते. महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्यांपैकी काही जण 'सर्न'ने खुल्या केलेल्या सीएमएसच्या जुन्या नोंदी वर्गात वापरतात. त्यांतून झेड बोसॉनचा उंचवटा पदवीच्या विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर काढता येतो.